करदाते नाना

नानांचं खरं आडनाव त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ते कोणी वापरत नाही. सगळे त्यांना 'करदाते नाना' म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं याबद्दल दोन मतं आहेत. नानांच्या मते ते लोकांनी आदराने ठेवलं, लोकांच्या मते ते नानांनी स्वतःच ठेवून घेतलं. विषय कुठलाही निघो, गोदावरीचं गढूळ पाणी, सिंहस्थाची कामं, नाहीतर लिफ्टमधला बंद पंखा, तिसऱ्या वाक्याला नाना "आमच्या टॅक्सच्या पैशातून" या मुक्कामी पोचलेले असतात. एकदा सोसायटीत बारसं होतं. पाळण्यातलं बाळ सरकारी दवाखान्यात जन्मलेलं आहे हे कळल्यावर नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या बाळात त्यांचेही थोडे शेअर्स असावेत.

वय ७६. पाटबंधारे खात्यातून २००८ साली निवृत्त. अंगात मुलाने अमेरिकेहून पाठवलेला टी-शर्ट, डोक्याला माकडटोपी, हातात कोणाला मारायची नाही अशी काठी. रोज सकाळी साडेसहाला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या आणि नंतर बाकावर तासभर राष्ट्राची चिंता. बाकावर ठरलेली मंडळी असतात: बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक माजी मुख्याध्यापक आणि निफाडकडचे द्राक्षबागाईतदार दादासाहेब, जे आता मुलाच्या हाती बाग देऊन कॉलेज रोडला फ्लॅटमध्ये राहतात आणि तिथून बागेची काळजी करतात.

नानांच्या हिशेबी या देशात दोनच जाती आहेत. एक करदाते, दुसरे फुकटे. करदाते मूठभर आणि दमलेले, फुकटे अगणित आणि ताजेतवाने.

फुकट्याची लक्षणं नानांनी पाठ करून ठेवली आहेत. पहिलं म्हणजे तो उशिरा उठतो, कारण त्याला काम नसतं. हे नाना पावणेआठला बाकावर बसून सांगतात. त्या वेळी त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या शोभाताई पहिलं घर आटोपून दुसऱ्या घराचा जिना चढत असतात. दुसरं लक्षण, त्याला पोरं फार असतात. रेशनवर डोई पाच किलो धान्य मिळतं, म्हणून लोक डोकी वाढवतात असा हा सिद्धांत आहे. पाच किलो गहू-तांदळासाठी माणूस वीस वर्षांचा खर्च अंगावर घेतो, असं कोणत्याही हिशेबी गृहस्थाला वाटू नये, पण नानांना वाटतं. नाना स्वतः सात भावंडांतले पाचवे. शोभाताईंना दोन मुलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, म्हणजे बाईमागे पुरती दोनसुद्धा नाहीत, हे मुख्याध्यापकांनी एकदा सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "ते आपल्यासारख्यांमुळे खाली आलंय, सर."

तिसरं लक्षण दारू. "लाडक्या बहिणीचे पंधराशे खात्यात पडले की संध्याकाळी नवरा गुत्त्यावर!" यावर बाकावर कोणाचं दुमत नसतं. नाना स्वतः दारूला शिवत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी जावई आला की वाइन घेतात, पण ती द्राक्षउत्पादकांना आधार म्हणून. नाशिकच्या माणसाने तेवढं करायलाच हवं, याला दादासाहेबांचा पाठिंबा असतो. वाइनच्या उद्योगाला व्हॅटचा परतावा देणारी सरकारी प्रोत्साहन योजना महाराष्ट्रात आहे, म्हणजे त्या पेल्यातही थोडा सरकारचा हात असतो, पण जावयासमोर हा विषय काढू नये एवढं आम्हाला कळतं.

आणि मग येते ती बाई.

ही बाई नाशिकमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तिच्याकडे पिवळं रेशनकार्ड आहे आणि ती कारमधून धान्य न्यायला येते. नाना तिची गोष्ट कितीतरी वर्षं सांगत आहेत. सुरुवातीला कार अल्टो होती. मधे स्विफ्ट झाली. गेल्या दिवाळीपासून ती फॉर्च्युनरमधून येते. पाच-पाच किलो धान्यावर एखाद्या बाईने एवढी मजल मारली असेल तर अन्न सुरक्षा कायद्याचा याहून मोठा विजय नाही, पण नाना ते तसं बघत नाहीत. त्यांनी तिला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, मेव्हण्याने पाहिलं. मेव्हणे म्हणतात, सिडकोतल्या एका मित्राने सांगितलं. मित्राच्या माहितीप्रमाणे ती पंचवटीतली. पंचवटीत विचारलं तर ती नाशिक रोडला असते.

अशी बाई फक्त नाशिकची नाही. १९७६ साली अमेरिकेत रोनाल्ड रेगन अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी गावोगाव फिरत होते तेव्हा शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत. तिची ढीगभर नावं, ढीगभर पत्ते आणि सरकारी मदतीवर लाखांची कमाई. ती बाई खरोखर होती, अट्टल भामटी होती आणि पुढच्याच वर्षी तिला शिक्षाही झाली. न्यायालयात सिद्ध झालेली रक्कम मात्र सभांमधल्या रकमेपुढे अगदीच किरकोळ निघाली. तोवर उशीर झाला होता. त्या एका बाईचा चेहरा अमेरिकेतल्या मदत घेणाऱ्या प्रत्येक बाईला चिकटला तो चिकटलाच. आमच्या फॉर्च्युनरवालीपेक्षा ती बरी म्हणायची. निदान तिचा पत्ता तरी लागला.

आता लबाडी होतच नाही असं कोणी म्हणू नये. नानांचं अगदी सगळंच चूक असतं तर त्यांच्यावर लिहायला मजा नसती. शहरात रेशनवर 'प्राधान्य कुटुंब' म्हणून धान्य मिळायला वर्षाला ५९ हजारांच्या आत उत्पन्न लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. नाशिकमध्ये पाच हजारांत खोलीचं भाडं आणि विजेचं बिल भागवून दाखवणाऱ्याला रेशन नको, सत्कार द्यायला हवा. तेव्हा दाखल्यावरचं उत्पन्न आणि घरातलं उत्पन्न यांची गाठ क्वचित पडते, हे उघड आहे. 'लाडकी बहीण' योजनेचंही तसंच. २०२४ च्या जूनमध्ये ती जाहीर झाली, ऑगस्टमध्ये दोन हप्ते एकदम खात्यात आले, नोव्हेंबरात निवडणूक होती, तपासणी वगैरे गोष्टींना तेव्हा कोणाकडे वेळ नव्हता. वेळ मिळाला तो २०२५ मध्ये. त्या जुलैत मंत्री आदिती तटकरे यांनी २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत असल्याचं सांगितलं. कोणी दुसऱ्या योजनेचाही लाभ घेत होत्या, कुठे एका घरात दोनहून जास्त बहिणी होत्या, आणि सुमारे १४ हजार बहिणी पुरुष निघाल्या.

ती बातमी ज्या दिवशी आली त्या दिवशी नाना ट्रॅकवर तीन फेऱ्या चालले.

"बघा! मी काय म्हणत होतो? चौदा हजार बाप्ये!"

मुख्याध्यापक गणिताचे. ते म्हणाले, "नाना, अडीच कोटींच्या आसपास लाभार्थी आहेत. दहा हजारांत सहासुद्धा भरत नाहीत."

"सहा तर सहा! पण आहेत ना?"

"आणि त्याच तपासणीत दोन हजारांहून जास्त सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्यात. पगार घेऊन वर पंधराशे."

यावर नाना थोडा वेळ समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या कंत्राटी असतील."

नानांच्या करदातेपणाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्प मांडला आणि नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर माफ केला. त्या दिवशी नानांनी सोसायटीत जिलबी वाटली. पेन्शन आणि ठेवींचं व्याज धरून नाना बाराच्या बरेच आत बसतात. व्यवसाय कर तर ६५ वर्षं झाल्यावर लागतच नाही. म्हणजे त्या एप्रिलपासून आमचे करदाते नाना आयुष्यात प्रथमच एक पैसाही प्राप्तिकर देणं लागत नाहीत. उरला वस्तू आणि सेवा कर. तो नाना देतात तसा शोभाताईही देतात, आणि भांड्यांच्या साबणाच्या बाबतीत तर नानांपेक्षा शोभाताईंच्या हाताखालूनच जास्त जातो. हे मी नानांना सांगितलेलं नाही. माणसाच्या शहात्तराव्या वर्षी त्याची ओळख काढून घेणं बरं नव्हे.

नानांच्या खिशात आधार कार्ड कायम असतं, ते एसटीसाठी. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. नानांना पंचाहत्तरावं संपल्यावर त्यांच्यातली भक्ती एकदम उसळली. वणीच्या गडाचा पायथा, त्र्यंबकेश्वर, शिर्डी, काही राहिलं नाही. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, नाना ते जपून पाकिटात ठेवतात आणि मग मी बरोबर असलो की बसमधल्या बायकांकडे बघून माझ्या कानात म्हणतात, "बायकांच्या अर्ध्या तिकिटामुळे बघ कशी झुंबड उडालीय. काम ना धंदा, निघाल्या फिरायला!" एकदा समोर उभ्या बाईच्या टोपलीत कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. ती फिरायला निघाली असेल तर कोथिंबिरीलाही बरोबर घेऊन निघाली होती.

"नाना, तुमचंही तिकीट..."

"माझं वेगळं. मी छत्तीस वर्षं सेवा केलीय."

मला त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. जागा देखील नानांमुळेच मिळालेली असते.

रेशनच्या तांदळाबद्दल नानांचा आक्षेप असा की लोक तो खात नाहीत, विकतात. विकतात, खोटं कशाला बोला. आमच्याकडच्या घरांत भाकरी-पोळी आधी, भात नंतर. आलेला जाडा तांदूळ सगळाच खपतो असं नाही. मग त्यातला थोडा कोणाला तरी देऊन चार पैसे केले जातात आणि त्यात तेलाची पिशवी येते. कायद्यात ते बसत नाही. आता तो तांदूळ कोणाला दिला जातो, हा पुढचा प्रश्न नाना कधी विचारत नाहीत, कारण ते त्या वेळी नाश्ता करत असतात. नानींच्या इडल्या आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहेत. कापसासारख्या असतात. एकदा मी गुपित विचारलं तर नानी स्वयंपाकघराच्या दाराआडून हळूच म्हणाल्या, "दुकानातल्या तांदळाला ती गंमत नाही हो. जाडा लागतो. शोभा आणून देते." बाहेर नाना चौथी इडली चटणीत बुडवत रेशनच्या काळ्या बाजाराबद्दल बोलत होते.

नाना असे का, याचा मी बराच विचार केला आहे. ते दुष्ट नाहीत. कंजूषही नाहीत, वॉचमनच्या मुलीच्या फीचे पैसे त्यांनी कोणाला न सांगता भरले होते, आम्हाला वॉचमनकडून कळलं. आणि गरिबी त्यांना माहीत नाही असं तर मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळात नाना बावीस वर्षांचे होते. त्यांना पहिली नोकरी लागली ती सिन्नरकडे दुष्काळी कामावर, मस्टरवर हजेरी मांडायला. त्या दिवसांबद्दल बोलताना नानांचा आवाज बदलतो. खडी फोडणाऱ्या बायका, बाभळीला बांधलेली झोळी, मुलांना वाटायची सुकडी, रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो. "मिलोची भाकरी आमच्या घरी पण खाल्लीय. घशाखाली उतरायची नाही. पण सरकारने दिली म्हणून जगलो, हे कबूल करायला मला लाज नाही."

"मग नाना, तेही सरकारचंच धान्य..."

"तेव्हाचे गरीब खरे गरीब होते."

हे नानांचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या मनातला गरीब माणूस १९७२ सालीच थांबला आहे. त्याच्या अंगावर फाटकं धोतर आहे, तो उन्हात खडी फोडतो आहे आणि नाना त्याच्या नावापुढे हजेरी लावत आहेत. आजच्या गरिबाच्या हातात स्मार्टफोन आहे, त्यामुळे तो नानांच्या मस्टरमध्ये बसत नाही. हप्ता आला की नाही ते फोनवर कळतं, केवायसी फोनवर होते, शाळेचे निरोप फोनवर येतात, कामाला बोलावणं फोनवर येतं. तरी फोन दिसला की नानांचा गरिबीवरचा विश्वास उडतो.

आणि त्या दुष्काळातून जे उभं राहिलं त्यात नानांचा स्वतःचा पैसा आहे, हे तर ते पार विसरले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि गावात काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. आजही पगारदाराच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात. नानांच्या पगारातून ही कपात तीस वर्षांहून जास्त काळ झाली. देशभराची रोजगार हमी २००५ च्या कायद्याने आली, त्याच्या कितीतरी आधी नाना आणि त्यांच्यासारखे लाखो कारकून आपल्या पगारातून तिचा खर्च उचलत होते. "आमच्या टॅक्सच्या पैशातून" हे वाक्य अभिमानाने म्हणायची ही जागा होती. नेमकं तिथेच नाना ते म्हणत नाहीत.

बाकावर दादासाहेबांची तक्रार वेगळी. "फुकट धान्यामुळे मजूर मिळत नाही. छाटणीला पेठ-सुरगाण्याहून माणसं आणावी लागतात आणि त्यांचे भाव ऐकाल तर..." दादासाहेबांचं दुःख खरं आहे, द्राक्षाच्या बागेत छाटणीची वेळ चुकली की वर्ष गेलं. पण माणसं पेठ-सुरगाण्याहून येतात, पालात राहतात, पहाटेपासून बागेत असतात, हे त्यांच्याच तोंडून आपण ऐकत असतो. मजूर मिळत नाही याचा अर्थ मागच्या वर्षीच्या मजुरीत मिळत नाही. दादासाहेबांना २०२३ साली कांदा पडला तेव्हा क्विंटलला ३५० रुपये अनुदान मिळालं होतं. ते त्यांनी घेतलं आणि त्यानंतरही ते कांदा लावतातच. पैसे मिळाल्याने ते आळशी झालेले नाहीत.

एकदा मी धीर करून बाकावर संशोधनाची गोष्ट काढली. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या सात योजनांची आकडेवारी तपासली. मदत मिळाल्याने लोक काम कमी करतात, असा पुरावा त्यांना सापडला नाही. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात 'सेवा' संस्थेने काही गावांमध्ये माणशी दरमहा रोख रक्कम देऊन पाहिली. तिथे दारूचा खप वाढला नाही, उलट लोक स्वतःच्या शेतात जास्त राबायला लागले.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बॅनर्जी म्हणजे ते नोबेलवाले?"

"हो."

"मल्हारखाणीत आले होते?"

मल्हारखाण म्हणजे शोभाताई राहतात ती वस्ती. नाना तिथे कधी गेलेले नव्हते. ते गेले गेल्या हिवाळ्यात, आणि त्याची हकिगत ही अशी.

लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईचा आधार क्रमांक घातला की तिच्या फोनवर ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवर ओटीपी. शोभाताईंचा नवरा वारलेला, वडील त्याच्याही आधी. त्या फोन घेऊन नानींकडे आल्या, नानींनी तो नानांपुढे धरला.

"मी फुकट्यांचे फॉर्म भरत नाही," नाना म्हणाले आणि चष्मा पुसून वाचायला लागले. छत्तीस वर्षं फॉर्मच भरलेला माणूस, समोर रिकामा रकाना दिसला की त्याचा हात शिवशिवणारच.

"पतीचा ओटीपी? शोभा, तुझ्या पतीला जाऊन किती वर्षं झाली?"

"सात झाली, नाना."

"आणि यांना त्याचा ओटीपी पाहिजे? कुठून आणायचा? रामकुंडावरून?"

पुढचा प्रश्न त्याहून थोर होता. कुटुंबातलं कोणी सरकारी सेवेत कायम नोकरीला नाही, अशा अर्थाचं वाक्य आणि खाली 'होय' किंवा 'नाही'. आता शोभाताईंच्या घरी कोणी नोकरीला नाही. मग 'नाही' म्हणायचं, की 'नाही हे खरं आहे' म्हणून 'होय' म्हणायचं? राज्यभर लाखो बायकांनी सरळ मनाने 'नाही' दाबलं, कागदोपत्री त्यांच्या घरात सरकारी नोकर निघाला आणि हप्ता बंद. पुढे अंगणवाडी सेविकांना घरोघरी पाठवून पडताळणी करायची वेळ आली. नानांनी मात्र फोन खाली ठेवला, कोरा कागद घेतला, त्यावर दोन रकाने आखले आणि दहा मिनिटांनी जाहीर केलं, "होय म्हणजे नाही. दाब होय." मग मान हलवत म्हणाले, "माझ्या खात्यात हा मसुदा आला असता तर लिहिणाऱ्याला पुन्हा पहिलीत बसवला असता."

विधवांची अडचण सरकारच्याही ध्यानात आली. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली आणि पतीच्या मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असं ठरलं. दाखल्यावर नवऱ्याच्या नावात एक काना कमी होता. तो काना मिळवायला नानांनी एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला खिडकीतल्या साहेबांनी "उद्या या" म्हटल्यावर नाना काठी आपटून म्हणाले, "मी करदाता आहे! उद्या नाही, आत्ता." ते वाक्य कोणाच्या तरी उपयोगी पडल्याची मला माहीत असलेली ही पहिली वेळ. मग दाखल्याच्या तीन प्रती स्वतः साक्षांकित करून (त्याची गरज नव्हती) नाना शोभाताईंबरोबर रिक्षाने मल्हारखाणीतल्या अंगणवाडीत गेले. वाटेत रेशन दुकानाची रांग लागली. शोभाताईंनी सांगितलं, मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही, वर्षानुवर्षं भांडी घासून रेषा गेल्या, कधी कधी चारदा यावं लागतं. नानांनी रिक्षात स्वतःचा अंगठा उजेडात धरून पाहिला. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तो पहिल्या फटक्यात उमटतो. पुढच्या रविवारी शोभाताईंची मोठी मुलगी रेशनकार्ड घेऊन आली आणि तिच्या अंगठ्याची नोंद सुरू असल्याची खात्री नानांनी करून घेतली.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. शोभाताईंची जाऊ आली, मग वॉचमनचे वडील, मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची आई. म्हातारीला श्रावणबाळ योजनेचे पंधराशे हवे होते. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. नानांनी भागाकार केला. "महिन्याला साडेसतराशे? म्हणजे हे मिळवायला माणूस आधी अर्धमेला व्हायला हवा!" इतकं बोलून त्यांनी मलाच जबाबदार असल्यासारखं पाहिलं. आता दर रविवारी नानांच्या डायनिंग टेबलवर दप्तर मांडलेलं असतं. स्टेपलर, शाईचा पॅड, पंचिंग मशीन, आणि एक लांबडी वही. ती मी एकदा उघडून पाहिली. खास सरकारी आखणी: अनुक्रमांक, नाव, योजना, त्रुटी, निकाल, शेरा. शोभाताईंच्या नावापुढे शेरा होता, 'कष्टाळू. अपवाद.' जावेपुढे 'दोन मुली शिकवते. अपवाद.' वॉचमनच्या वडिलांपुढे 'दमा. खरा गरजू. अपवाद.' इस्त्रीवाल्याच्या आईपुढे नुसतंच 'अपवाद', खाली दोन रेघा. पान उलटलं, पुढचं पानही तसंच भरलेलं.

"नाना, यात फुकटा कोण?"

"यातले नव्हेत रे. ही आपल्या ओळखीची माणसं आहेत. फुकटे ते वेगळे. परवाच मेव्हण्याला भेटली ती. आता म्हणे गाडीला ड्रायव्हर ठेवलाय!"

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या कोणाचा हप्ता अडकला असेल, अंगठा उमटत नसेल, दाखल्यात काना-मात्रा चुकली असेल, तर त्यांना खुशाल रविवारी दहानंतर नानांकडे पाठवा. आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर असावा, मृत्यूचा दाखला असेल तर मूळ प्रत आणावी. चहा नानी देतात. फुकट्यांवरचं व्याख्यान अर्धा तास चालतं, तेवढं ऐकून घ्यावं लागेल. त्याचे पैसे नाना घेत नाहीत.